श्वासाची दोन बोटं

सोमवार, ३ तारीख

सकाळपासून हा डबा नऊ वेळा कोकलला. जिना चढताना दोनदा, खाली पडलेली टाचणी उचलताना एकदा, शिंक आली तेव्हा एकदा, बाकीचे पाच कशामुळे ते त्यालाच माहीत. नात माझ्या अंगाला डबा बांधून स्वतः ऑफिसला निघून गेली आणि मी इथे घरभर वाजत फिरतेय. शेजारीण भिंतीपलीकडून विचारते, दूध उतू चाललंय का. तिला काय सांगू, दूध नाही बाई, मीच.

आता रीतसर लिहिते. नातीनं मला निळ्या पुठ्ठ्याची कोरी वही दिली आहे. डबा वाजला की वेळ लिहायची आणि तेव्हा मी काय करत होते ते लिहायचं. दिवसभरात काय काय कामं केली तेही लिहायचं. मनातलं लिहायचं नाही, त्याला रकाना नाही म्हणाली. म्हणून मनातलं इथे. ही माझी मापांची जुनी वही. बेचाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, त्यांच्या छात्या, कमरा, बाह्या सगळ्या हिच्यात आहेत. मागची पानं कोरी राहिली ती आता माझी. शाळा चौथीपर्यंत. अक्षर लागलं नाही तर वाचणाऱ्यानं चष्मा बदलावा.

डब्याचं असं आहे. माझ्या धाकट्या बहिणीचं हृदय दोन वर्षांपूर्वी दमलं, तेव्हा डॉक्टरांनी आत एक पंप बसवला. तो विजेवर चालतो. पोटाला भोक पाडून वायर बाहेर काढली आहे आणि कमरेला बॅटऱ्यांची पिशवी. ते भोक काही बरं होत नाही. सुकतं, पुन्हा चिघळतं. नात जिथे काम करते तिथे त्यांनी काढलंय की वायरच नको. कातडीच्या आत एक चकती, बाहेर एक चकती, आणि वीज मधून तशीच आत जाणार. भोक नाही, वायर नाही.

माझ्या आत काही घातलेलं नाही. मी नुसती घालून बघणारी. अंगात बंडी, बंडीच्या खिशात मांसासारखी लिबलिबीत एक गादी, गादीच्या मागे आतली चकती, पुढे बाहेरची, आणि कमरेला डबा. वीज नीट पोचली नाही की डबा ओरडतो. मी त्याला कुरकुऱ्या म्हणते. घालून बघणारे आम्ही सहा जण. बाकीचे पाच नातीच्या ऑफिसातले, तरणेताठे. म्हातारं अंग माझं एकटीचं.

मंगळवार, ४

अकरा वेळा.

नात संध्याकाळी आली, चप्पलही न काढता निळी वही वाचली, आणि तिचं तोंड एवढंसं झालं. मी विचारलं, टाचणी उचलली तर याला वाजायला काय झालं? तर तिनं झोपाळ्याची गोष्ट सांगितली. झोपाळ्याला नेमक्या क्षणी धक्का दिला तरच तो चढतो, जरा मागेपुढे झालं की धक्का फुकट. या दोन चकत्यांचं तसंच. मी वाकले की चकत्या एकमेकींपासून सरकतात आणि ताल बदलतो. घाम आला की बदलतो, जवळ लोखंड आलं की बदलतो. मग डब्यानं नवा ताल शोधायचा. तो शोधेपर्यंत वीज तोकडी पडते. कधी कधी घाईनं जास्तच जोर लावतो, मग चकती तापते. गरम लागली तर लगेच लिही म्हणाली. ऑफिसात मिठाच्या पाण्याच्या टबात ठेवून बघतात तेव्हा सगळं झकास चालतं.

मी म्हटलं, टब शिंकत नाही.

एरवी हसली असती.

गुरुवार, ६

धाकटीच्या लाँड्रीत गेले होते, कुरकुऱ्याला घेऊनच. तिथे चार इस्त्र्या, कपडे दाबायचं ते भलंमोठं लोखंडी यंत्र आणि दारापर्यंत वाफ. आत पाय टाकल्यापासून जो सुरू झाला तो बाहेर पडेपर्यंत. गिऱ्हाइकं बघायला लागली. धाकटी म्हणाली, "ताई, तू कपडे चोरून नेत असल्यासारखी वाजतेयस."

ती सहासष्ट वर्षांची आहे आणि एका जागी बसलेलं मी तिला पाहिलेलं नाही. पोटातून वायर निघालेली बाई वाकून गाठोडी उचलते. बोलले तर म्हणाली, माझी वीज मी फुकट घालवणार नाही. मागच्या खोलीत नेऊन मला जखम दाखवली. लिहिण्यासारखी नाही. वास येतो. मी फक्त म्हटलं, पट्टी वाकडी लावलीयस, आणि सरळ लावून दिली.

डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलंय की औषधं आता लागू पडत नाहीत. महिनाअखेर ही वायर काढावी लागेल. मग एक तर दुसऱ्या बाजूला दुसरं भोक, नाहीतर नातीच्या चकत्या. शुक्रवारी २१ तारखेला नातीचे साहेब आणि डॉक्टरीणबाई बसून ठरवणार. धाकटीनं स्वतःपुरतं ठरवून टाकलंय. म्हणाली, मला एकदा नळाखाली बसून डोक्यावरून आंघोळ करायची आहे, दोन वर्षं झाली.

रडूबिडू आलं नाही मला. वाफेनं डोळे चुरचुरतात.

शनिवार, ८

शेजारीण कोटाचं माप द्यायला आली. मी आता शिवत नाही म्हटलं तरी येते. टेप कमरेभोवती टाकला आणि बाईनं पोट आत ओढलं. चाळीस वर्षांत मला याच गोष्टीचा सगळ्यात जास्त राग आला आहे. माप देताना बायका श्वास धरून उभ्या राहतात, पुरुष छाती फुगवतात. मी शिवते त्या मापानं, घरी जाऊन हे श्वास सोडतात, आणि मग बटण उडालं की दोष कुणाचा? शिंपिणीचा. मी सरळ सांगते, पोट सोड, खाली बस, हात वर कर, खोकून दाखव. कपडा उभ्या बाईसाठी नसतो, जेवून उठलेल्या बाईसाठी असतो. आणि वर दोन बोटं मोकळी ठेवायची. ती श्वासाची. ती दोन बोटं मी कुणालाही कापू दिली नाहीत. एका नवरीच्या आईनं हट्ट धरला तेव्हा तिचं कापड परत दिलं.

शेजारणीला तीनदा खोकायला लावलं. जाताना पुटपुटत गेली. जाऊ दे.

कुरकुऱ्या आठ वेळा. शिवणयंत्रावर ओणवी झाले की हटकून ओरडतो. लोखंड.

सोमवार, १०

नात आज लवकर आली. स्वयंपाकघरात नळ सोडून उभी होती, भांडं एकही हातात नाही. विचारलं तर म्हणाली डोळ्यात काहीतरी गेलं. मग बोलली. साहेब म्हणाले, पाच जणांचं ठीक आहे पण म्हाताऱ्या अंगावर एवढं वाजत असेल तर मी हे दवाखान्यात पाठवणार नाही. पेशंट सगळे म्हातारेच असतात. तिनं तीन वर्षं घातली आहेत यात. तिचे आईबाप दुसऱ्या गावी, ती इथे माझ्याजवळ राहते ती याच कामासाठी, माझ्या प्रेमापोटी नाही.

म्हणजे धाकटीचं अडलंय ते माझ्या वाकण्यापाशी.

बंडी काढून नीट पाहिली. कुणी शिवली होती देव जाणे, खिसा नुसता लोंबत होता. चकती हलणारच. उसवली, दोन बोटं आत घेतली, पुन्हा शिवली. आता अंगाला चिकटून बसते. घालताना जरा हिसके द्यावे लागतात, इतकंच.

मंगळवार, ११

फक्त चार वेळा. घट्ट केल्याचा गुण आला. चारही वेळा मी उठता-बसताना वाजला.

दुपारी एक शोध लागला. खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून, श्वास वरवर घेत बसलं की तो गप्प बसतो. दोन तास बसले. एकदाही नाही.

बुधवार, १२

शून्य.

निळ्या वहीत लिहिलं: झाडलं, भांडी घासली, जिना दोनदा, शिवणयंत्र अर्धा तास. खोटं कसं म्हणायचं? ही कामं मी करतेच. परवा केली होती, पुढच्या आठवड्यात करीन. आज खुर्चीत बसले होते एवढंच.

शुक्रवार, १४

तिसरा शून्य. पाठीचा दगड झाला आहे. दिवसभर बसून राहणं हे झाडू मारण्याहून कठीण काम आहे हे मला ठाऊक नव्हतं. नाकाला खाज सुटली तरी हात उचलायचा नाही. माशी आली तर तिच्याकडे बघत बसायचं.

नातीनं डब्यातली नोंद कॉम्प्युटरवर काढून बघितली. म्हणाली, "आजी, तुझी रेघ फार सरळ आलीय. आमच्या पोरांच्यापेक्षा सरळ."

मी म्हटलं, बेचाळीस वर्षं सरळ रेघच शिवली.

जिना चढलीस? चढले. वाकलीस? वाकले. मग ती उठून शिवणयंत्रापाशी गेली. त्याच्यावर झाकण होतं. शेजारच्या फळीवरून तिनं बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि पदर नाही म्हणून स्वतःच्या पँटला पुसलं. घरात धूळ साचली याची मला लाज वाटली. चांगल्या घरची मुलगी आहे, बोलून दाखवलं नाही. "दमतेस का गं?" एवढंच विचारलं, आणि उत्तर ऐकायच्या आत वही पिशवीत घातली.

रविवार, १६

आज नातीनं सकाळी शीळ घातली. महिन्यात पहिल्यांदा. साहेब खूश आहेत. म्हाताऱ्या अंगासाठी डब्यानं ताल कसा शोधायचा, किती जोर लावायचा, हे सगळं आता माझ्या रेघेवरून ठरवून टाकलंय. कॉम्प्युटरमध्ये त्या भागाला पोरांनी माझंच नाव दिलंय, आजीचं माप. धाकटीच्या डब्यात तेच घालणार. शुक्रवारी होकार आला की बुधवारी २६ला तिचं ऑपरेशन.

नात म्हणाली, धाकट्या आजीची बंडी तूच शीव, तुझ्या हातची घट्ट बसते. कापड आणलंय. मऊ आहे.

एवढं सगळं चांगलं चाललंय तर मला जेवण का जात नाही ते कळत नाही. बसून बसून पोट धरलं असेल.

मंगळवार, १८

धाकटी बंडीच्या मापासाठी आली.

लाँड्रीतून तशीच, केस ओले, हातावर इस्त्रीचा ताजा चटका. तिला मी जमिनीवर खूण करून उभी केली. टेप छातीखालून घेतला, बॅटऱ्यांची पिशवी बाजूला धरली, आणि बघते तर बाई खांबासारखी उभी. ही, जी जेवतानाही तीनदा उठते. श्वास धरलेला, हनुवटी वर, हात मांडीला चिकटलेले.

मी म्हटलं, "श्वास सोड."

म्हणाली, "नको ताई, घट्टच होऊ दे. तुझ्यासारखी. नात सांगत होती, तुझी एकदाही वाजली नाही. मला पण तशीच हवी."

"सोड म्हणते ना. तू काय लाँड्रीत अशी उभी राहणार आहेस? खाली वाक. गाठोडं उचलतेस तशी वाक. खोक. शिवलेलं तुला घालायचंय, टेपाला नाही."

हे मी बोलले. माझ्याच तोंडानं बोलले आणि टेप हातातून सुटला.

धाकटी वाकलेलीच होती. तिनंच तो उचलून दिला. म्हणाली, "म्हातारी झालीस, टेपसुद्धा धरवत नाही."

पुढची मापं घेतली. काय घेतली ती आठवेनात, म्हणून तिला थांबवून सगळी पुन्हा घेतली. जाताना तिनं दारात उभं राहून विचारलं की आंघोळ केल्यावर बंडी वाळायला किती वेळ लागेल. मी म्हटलं, दोन बंड्या शिवते, एक वाळत घालायला.

बुधवार, १९

नात गेल्यावर बंडी उसवली. कापलेली दोन बोटं परत दिली. मग कुरकुऱ्या बांधला आणि कामाला लागले.

सगळं घर झाडलं, पलंगाखालूनसुद्धा. फळी पुसली. जिना सहा वेळा, त्यात दोनदा पाण्याची बादली घेऊन. मोठं पातेलं चढवून पाणी उकळलं आणि त्याच्या वाफेत उभी राहिले. इस्त्री तापवून धाकटी करते तशी, अंगाजवळ धरून चादरी दाबल्या. घामाची धार लागली. पुसली नाही. दुपारी यंत्राचं झाकण काढून धाकटीची बंडी शिवायला बसले, चांगले दोन तास, छाती पार लोखंडावर झुकवून, नेहमी बसते तशी.

एकतीस वेळा. निळ्या वहीचं दीड पान भरलं. डबा किती जोर लावतो ते नेमकं सांगायचं म्हणून लिहिते: यंत्रावर बसले तेव्हा पहिला पाऊण तास तो ओरडत होता, मग गप्प झाला. मला वाटलं सापडला याला ताल. तर चकती तापायला लागली. मी उठले नाही. धाकटी उठली नसती. गिऱ्हाईक उभं असताना ती चटका बसला तरी उठत नाही.

संध्याकाळी बंडी काढली. चकतीच्या जागी, गादीची कड सरकली होती तिथे, कातडीवर लाल गोल उठलाय, झाकणाएवढा. हात लावला तर झोंबतो. माझी चकती निदान बाहेरून आहे, धाकटीची कातडीच्या आत असणार. आणि मी बंडी काढून मोकळी झाले.

मी धाकटीला काय शिवून देत होते ते तेव्हा कळलं.

नात आली. सांगायला तोंड उघडलं, तर तीच हसत सुटली होती, साहेबांनी शुक्रवारसाठी तिला स्वतः बोलायला सांगितलंय, काय घालू म्हणून विचारत होती. मी म्हटलं, तो राखाडी कोट, बाह्या मी आखूड करून देते. दिल्या करून. बोलण्यात मी एवढी तरबेज, आणि आज सुईमागे लपले.

गुरुवार, २०

पोरी, हे पान तुझ्यासाठी आहे. तू आंघोळीला गेली आहेस तोवर लिहिते. ही वही आणि निळी वही दोन्ही तुझ्या पिशवीत घालते आहे. निळ्या वहीतली १२ पासून १८ पर्यंतची पानं खोटी आहेत. फाडलेली नाहीत, त्यांच्यावर फुली मारून खाली सही केली आहे. त्या दिवसांत मी खुर्चीत बसून होते. ११ तारखेचे चार खरे, पण बंडी आवळलेली होती. कालचं पान खरं. पहिले आठ दिवस खरे. लाल गोल दाखवते, हवं तर फोटो काढ.

तू चिडशील. चीड. मला समजावून सांगायला बसू नकोस की मी किती मोठा घोटाळा केला, मी शिंपीण आहे, मला माप चुकलेलं कळतं. एवढंच ऐक. तुझा डबा वाईट नाही. तो मी जशी दिसले तसा मापून शिवला गेला, आणि मी पोट आत ओढून उभी होते. आता माझं पोट सुटलंय. पुन्हा माप घे. मी रोज बांधीन, जिने चढेन, यंत्रावर ओणवी बसेन, महिना लागो की दोन. लाँड्रीतसुद्धा जाऊन उभी राहीन दिवसभर, धाकटीच्या जागी. तरण्या पोरांनाही तिकडे पाठव, टबाजवळ बसवू नकोस.

राखाडी कोट खुर्चीवर आहे. उद्या तोच घाल. जायचं तर आहेच तुला, बोलायचं मात्र वेगळं.

यात तुला काही ठाऊक नव्हतं हे मी कुणालाही सांगेन, कारण ते खरं आहे.

आता धाकटीचं. बुधवारची तारीख जाणार. तिला दुसऱ्या बाजूला दुसरं भोक पाडून घ्यावं लागेल, त्यातून ती कशी निघेल कुणाला माहीत. मी गप्प राहिले असते तर तिला बुधवारी हवं ते मिळालं असतं, आणि कधीतरी भर वाफेत, गाठोडं उचलताना, हा शहाणा डबा गप्पपणे तापत बसला असता. दोन्हीतलं कुठलं बरं ते मला नीट सांगता येत नाही. मला फक्त वाकणाऱ्या बाईसाठी शिवता येतं. तिच्या दोन्ही बंड्या तयार आहेत, दोन बोटं मोकळी ठेवून. कपाटात ठेवल्या आहेत. त्या लागतील.

साहेब विचारतील, स्वतःच्या आजीला का घेतलंस, ते उत्तर तू दे. डॉक्टरीणबाई विचारतील, खोटं कुणी लिहिलं, तेव्हा त्यांना माझ्याकडे पाठव, मी घरीच आहे. पण उद्या दुपारी धाकटीचा फोन येईल. ती विचारेल, ताई, माझी आंघोळ कधी. तो फोन तू उचलायचा नाहीस, डॉक्टरीणबाईंनीही नाही. कितीही वेळ वाजू दे. तो मी उचलणार.